फणसाखालची लेकुरवाळी

आमच्या परसात अस्वल येतं, हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझी भावजय म्हणाली, "वन्सं, तुमी दोघं त्या डोंगरात जाऊन खुळी झालायसा." तिचं काही चुकलं नाही. विट्याकडच्या माणसानं जन्मभर परमुलखात सोनं गाळावं, म्हातारपणी गावाकडं यावं, रस्त्याकडेला दोन मजली बंगला बांधावा, दारात मोठं गेट बसवावं आणि त्या गेटाआड खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका माराव्यात, अशी आमच्या भागातली रीत. आमच्या मालकांनी तेवढी एक रीत मोडली आणि सगळ्या भाऊबंदांत आमचं हसं करून घेतलं.

मालकांचं सोनं गाळायचं दुकान होतं, तिकडं तमिळ मुलखात. सराफांकडची मोड घ्यायची, तेजाबात घालायची, भट्टीत तापवायची, शुद्ध करून परत द्यायची. त्या तेजाबाच्या वाफेनं त्यांचं नाक गेलं आणि छाती अर्धी झाली. भाकरी करपली तरी त्यांना कळत नाही, मला सांगावं लागतं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं की आता भट्टी बंद, मोकळ्या हवेला जाऊन राहा. पोरानं दुकान हातात घेतलं आणि आम्ही गाशा गुंडाळला. शिराळ्याच्या वरच्या अंगाला, चांदोलीच्या डोंगराच्या पोटाशी, एका ओळखीच्या फौजीचं घर विकायचं होतं. मागं मोठं परस, परसाच्या टोकाला दोन जुने फणस, पलीकडं ओघळ, आणि ओघळाच्या पल्याड रान सुरू. मालकांनी ते बघितलं आणि तिथंच बयाणा देऊन आले. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी कशाला हो म्हणते?

मी आले ती तोंड वाकडं करूनच. लाईट असली तर गिरणी, गिरणी चालली तर भाकरी. भाजीवाला येत नाही. व्हिडिओ कॉल लावायचा तर अंगणातल्या दगडावर उभं राहून मोबाईल आभाळाकडं धरायचा, मग नातवंडांना आजी कमी आणि ढगच जास्त दिसायचे. सगळा हिवाळा मी मालकांना टोमणे मारण्यात काढला. ते ऐकून घ्यायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं, पर हवा बघ की." हवा खाऊन कुणाचं पोट भरतंय का, असं मी म्हणायचे.

फाल्गुन लागला होता. उजाडायच्या बेताला मी बंबाला जळण आणायला मागच्या पडवीत गेले. पडवीला फौजीनं लोखंडी जाळी मारून घेतली होती, तिचं कारण मला तोवर कळलं नव्हतं. जाळीच्या दाराला हात घालणार तोच परसातून आवाज आला. आधी कुणीतरी जोरात नाक शिंकरावं आणि लगेच ताटातली कढी भुरकावी, तसा. मला वाटलं, कुणी गडी माणूस आत शिरलाय. निरखून बघितलं तर बांधावर काळं घोंगडं पडलेलं. मग ते घोंगडं हललं, त्याला पांढुरकं लांब तोंड फुटलं, आणि पाठीवरच्या केसांतून आणखी दोन तोंडं वर आली.

तशीच मागं सरकत आत गेले आणि मालकांना हलवून उठवलं. ते आले, बघितलं, आणि या माणसानं काय करावं? पाट ओढून जाळीपाशी बसले.

ती वारूळ फोडत होती. नखं तरी काय, विळ्याची पाती लावल्यागत. दगडासारख्या झालेल्या त्या मातीत ती नखं घालायची, भस्सकन ढेपूळ उपसायची, तोंड भोकाला लावून फुंकर मारून माती उडवायची आणि मग आतली वाळवी ओढून घ्यायची. फुंकायचं आणि ओढायचं. मालक माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "फुंकणी कशी मारतीया बघ. माती उडतीया, पर माल न्हाई उडत. आमच्यात ह्ये शिकाया पोरांचं वर्ष जातं." जन्मभर फुंकणी मारलेला माणूस तो, त्याला एका अस्वलाच्या फुंकरीचं एवढं कौतुक वाटावं, याचं मला तेव्हा हसू आलं.

शेजारी आक्का राहते. शेजारी म्हणजे मध्ये एक वावर सोडून. सत्तरीला आलेली, लग्न होऊन आली ती इथंच, नवरा गेला, पोरगा पुण्याला, लेक सासरी. मी धावतपळत तिच्याकडं गेले आणि सगळं सांगितलं. आक्का तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. म्हणाली, "आली व्हय लेकुरवाळी? औंदा दोन हायती का एक?"

मी म्हणाले, "दोन."

"बरं झालं," आक्का म्हणाली, जशी कुणाच्या सुनेची बातमी ऐकावी. मग तिनं मला समोर बसवलं आणि इथली रीत सांगितली. मागल्या दारी जाताना बोलत जायचं. काहीही बोलायचं, पण बोलायचं. "येतीय गं, वाट दे," म्हणायचं आणि जरा थांबायचं. तिची नजर अधू असते, आपण मुकाट तिच्या पुढ्यात गेलो तर ती बावरते, आणि बावरलेलं अस्वल वाघापेक्षा वाईट. ती आणि पिल्लं यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही. आपलं आपण खायचं, तिचं तिनं. "ती तिच्या वाटंनं, आमी आमच्या," आक्का म्हणाली. "माझ्या सासूच्या वख्तापास्नं असंच चाललंय."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीनच येडेपणा सुरू झाला. मागचं दार उघडायच्या आधी मी जोरजोरात बोलायला लागले. दुसरं काय बोलणार, म्हणून मालकांना टोमणेच मारायचे, तेवढंच दोन्ही कामं व्हायची. आणि ती ऐकायची हो. टोमणा सुरू झाला की बांधावरून सावकाश उतरायची, पोरं पाठीवर घ्यायची आणि ओघळात शिरायची. घाई नाही, गडबड नाही. आपण कुणाच्या घरातून निघावं तर असं निघावं, असं मला वाटायचं.

खरं सांगते, मला तिचं वेड लागलं. मालकांना आधी लागलं, पण मला जास्त लागलं. पोरं पाठीवर कशी चढायची ते बघायला मी चहा गार करायचे. ती नुसती जरा खाली वाकायची. पोरं तिच्या अंगावरच्या झिंज्या धरून वर, एक मानेशी, एक मागं. मग ती चालायला लागली की मागचं हटकून घसरायचं. घसरलं की ती थांबायची. मागं वळून बघायचीसुद्धा नाही, नुसती थांबायची, ते चढेपर्यंत. मी तिकडं भट्टीमागच्या एका खोलीत दोन पोरं वाढवली. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, एक कडेवर आणि एक पदराला धरून बाजारात जायचे आणि मागचं रडलं की रस्त्यात अशीच थांबायचे. कुणी बघितलं नाही मला तेव्हा. हिला मी बघत होते.

चैत्र-वैशाखात फणस पिकायला लागले तेव्हा तर जत्राच. फणस पिकला हे मालकांना कळायचा प्रश्नच नव्हता, मला वास यायचा तो फणस उलायला लागल्यावर. तिला त्याच्याही आधी. संध्याकाळी दिवेलागणीला यायची, बुंध्याशी उभी राहून नाक वर करायची, एवढ्या फणसांतला नेमका एक ठरवायची आणि झाडावर चढायची. एवढा देह, पण नखं रोवत अशी वर जायची की तमिळ मुलखातला नारळ उतरवणारा गडी लाजावा. वरून फणस धपकन पडायचा. पोरं आधीच ताव मारायला बसलेली, चिकानं तोंडं माखलेली, दोघांची तोंडं एकमेकांना चिकटायची वेळ यायची. आपण हाताला तेल लावल्याशिवाय फणसाला हात लावत नाही. ती खाली उतरून चाटून चाटून दोघांना साफ करायची. रागवायची नाही. मी दोन पोरांना यापेक्षा कमी चिकासाठी धपाटे घातलेत.

आता मालकांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आमचा मुलूख दुष्काळी. आता कालवे आलेत, ऊस आलाय, पण मालकांचं बालपण कोरड्या विहिरी बघण्यात गेलं. तिथली रीत अशी की दारी कुणी आलं, मग तो पाव्हणा असो, पोस्टमन असो, नाहीतर बांधावरून भांडायला आलेला चुलतभाऊ असो, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. भांडण त्यानंतर. तमिळ मुलखातसुद्धा दुकानात गिऱ्हाईक आलं की मालक गूळ पुढं करायचे आणि ती माणसं बुचकळ्यात पडायची. तर चैत्रात ओघळ आटला. मालकांनी फणसाखाली पाण्यानं भरलेलं घमेलं नेऊन ठेवलं. ते ठीक. पण दुसऱ्या दिवशी बघते तर घमेल्याशेजारी सपाट दगडावर गुळाचा एवढा खडा.

मी म्हणाले, "आवं, हे काय?"

म्हणाले, "दारी आल्याला नुसतं पाणी द्याचं व्हय? बरं दिसतं का ते?"

"कुणाला बरं दिसत न्हाई? अस्वलांना?"

"लेकुरवाळी हाय ती," मालक म्हणाले. बाळंतिणीला गूळ नको म्हणणारी बाई मी तरी नाही बघितली. पुढं पुढं कोल्हापुरी गूळ आणायला तेच शिराळ्याला जायला लागले, आणि गूळ चांगला निघाला की मीच म्हणायचे, हा ठेवा तिला.

ती पाणी प्यायची, गूळ चाटायची, दगडही चाटायची. मग लवकर यायला लागली. दिवेलागणीच्या आधी, उजेडी. मग जाळीपाशी यायला लागली. माझी टोमण्यांची सरबत्ती सुरू झाली तरी जाईना, उलट आवाज ऐकून जवळ यायची, कारण आवाजामागून गूळ येतो हे तिला कळलं होतं. एकदा तिनं जाळीला नाक लावलं. तिच्या नाकाचा ओला ठसा जाळीवर उमटला आणि मालक तो बघत बसले. मालकांना वाटलं ओळख झाली. मलाही तसंच वाटलं. आक्काला आम्ही यातलं काही बोललो नव्हतो.

आक्काची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखात तिला मुलगी झाली. बारशाच्या गडबडीनंतर एक दिवस संध्याकाळी आक्का मागच्या छपरात चुलीवर डिंकाच्या लाडवाचा पाक करत होती. आत बाळ रडलं, म्हणून पाकाची कढई खाली उतरवून ती आत गेली. लेक नुकतीच अंग टाकून झोपली होती, तिला उठवायला नको म्हणून आक्कानं बाळाला उचललं, पाक निवेस्तोवर आतच जोजवलं आणि ती बोलत बोलतच बाहेर आली, तिच्या रीतीप्रमाणं. जन्मभर त्या बोलण्यानं रानातली लेकुरवाळी बाजूला झाली होती. या वेळी झाली नाही. छपरात ती कढईत तोंड घालून बसलेली, दोन्ही पोरं कढईच्या काठाला, आणि आक्का बाळाला घेऊन दारात, मधे दोन पावलांचं अंतर.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. आक्का नंतर सांगत होती, "छातीवरचा पांढरा पट्टा माझ्या डोळ्याम्होरं आला. मी लेकराचं त्वांड छातीशी दाबलं आन् डोळं मिटलं. म्हनलं, आता संपलं." मग फुस्स असा आवाज झाला, कढई कलंडली, आणि डोळे उघडले तेव्हा छपरात कुणी नव्हतं. कुणाला ओरखडा नाही आला. पण आक्कानं त्यानंतर दोन दिवस छपरातली चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आमच्याकडं आली. पाटावर बसली नाही. फणसाखालचं घमेलं तिला दिसलं, दगड दिसला, त्यावरचा गुळाचा चिकट डाग दिसला, आणि तिला सगळं समजलं. मालकांकडं वळून म्हणाली, "भावजी, इतकी वर्सं ती कवा दारात आली न्हवती. माझ्या चुलीला तिनं कवा त्वांड लावलं न्हवतं. तुमी तिला चटक लावली, आन् भोगायचं आमच्या लेकरानं व्हय?"

मी काही बोलायला गेले तर आक्का मला म्हणाली, "वैनी, तुमी गप बसा. तुमी तर शानी हुता." ते मला लागायचं तेवढं लागलं.

दुपारपर्यंत सगळी वाडी गोळा झाली. पिंजरा लावा, असं सगळ्यांचं एकमत. त्यांचं बरोबर होतं. तान्ह्या पोराला घेऊन कुणी मागल्या दारी जायचं नाही, पहाटे कुणी जळण आणायला बाहेर पडायचं नाही, असं गाव जगेल कसं? वनखात्याचा गार्ड आला. तरुण, अबोल माणूस. त्यानं घमेलं बघितलं, जाळीवरचे नाकाचे ठसे बघितले आणि मालकांना म्हणाला, "काका, पिंजरा लावला तर ती सापडंल. गुळासाठी सरळ आत येईल. पोरं पण सापडली तर बरं, नाहीतर ती मागं राहतील आणि एवढी लहान पोरं एकटी जगत नाहीत. आणि दाराला सोकावलेलं जनावर दुसऱ्या रानात नेऊन सोडलं तरी तिथल्या कुणाच्या तरी दारात जातं. मग जन्मभर गजाआडच."

मालक म्हणाले, "दुसरं काय करता येतं का?"

"मिरगाचा पाऊस लागला की वरच्या रानात खायला मुबलक होतं, ती तिकडं जाते. तोवर तिला इथून काहीही मिळता कामा नये. गूळ नाही, पाणी नाही, फणस नाही. आणि दारात आली की तिला कळलं पाहिजे की इथं तिला कुणी नको आहे. बाहेर यायचं नाही, जाळीच्या आतूनच, पण आवाज करून हाकलायचं. प्रत्येक वेळी. एकदा जरी सोडलं तरी फुकट." तो आक्काकडं वळला. "आत्या, मिरगापर्यंत थांबता का? त्यानंतर ती एकदा जरी दारात आली, तर मी स्वतः पिंजरा आणतो."

आक्काच्या लेकीनं वावरापलीकडून हाक मारली, ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "मिरगापत्तुर. पुढं न्हाई." त्यावर तिच्या शब्दाबाहेर वाडीतलं कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी फणस उतरवायला माणूस लावला. पिकलेले, अर्धकच्चे, अगदी कोवळी कुयरीसुद्धा. वाडीतल्या बायका हाताला तेल लावून आमच्या पडवीत बसल्या आणि दिवसभर फणस चिरले. कुयरीची भाजी त्या दिवशी घराघरांत शिजली. आक्काच्या घरी मी स्वतः घेऊन गेले. तिनं ठेवून घेतली, बोलली नाही. मालकांनी घमेलं पालथं घातलं, दगड राखेनं घासला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "उतरवायचं त्ये मी उतरवलं. हाकलायचं मला न्हाई जमणार. दारी आल्याला हाकललं न्हाई मी जन्मात."

म्हणजे ते काम माझ्याकडं आलं. घरातली वाईट कामं शेवटी बाईकडंच येतात, हे काही मी आज शिकले नाही.

दिवेलागणीला ती आली. पोरं पाठीवर. आधी फणसाखाली गेली, नाक वर केलं, आणि तशीच उभी राहिली, नाक वर. कितीतरी वेळ. वर काही नव्हतं. नुसता चिकाचा वास राहिला असेल. मग दगडापाशी गेली, दगड चाटला, राखेनं शिंकली. पालथं घमेलं नखानं उलथवलं. आणि मग आमच्याकडं बघितलं आणि सरळ जाळीकडं चालत आली. हक्कानं आली हो. तिथं नाही तर इथं मिळेल, ही माणसं आपली आहेत, अशी आली.

मी परात आणि बत्ता घेऊन उभी होते. हात उचलेना. मालक आतल्या खोलीत जाऊन बसले होते, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. ती जाळीपासून चार हातांवर आली, पोरं खाली उतरली, आणि मी परात बडवली.

ती दचकली. पोरं तिच्या पोटाखाली शिरली. पण गेली नाही. मान तिरकी करून बघत राहिली. तिला वाटलं असेल, हिच्या हातून काहीतरी पडलं. मी आणखी जोरात बडवली. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. भावकीच्या भांडणातसुद्धा तोंडातून काढल्या नाहीत अशा. "जा गं भवाने, जा, मर जा तिकडं, तुझं हितं काय हाय?" असं ओरडत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती मागच्या पायांवर उभी राहिली. नाक हलवून माझा वास घेतला. वास तोच, आवाज तोच, आणि तरी ही बाई अशी का करतेय, हे तिला उलगडेना. ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेवढ्यात वावराच्या पलीकडून दुसरा आवाज सुरू झाला. आक्का तिच्या छपराच्या दारात उभी राहून पितळेचा हंडा बडवत होती. दोन्हीकडून आवाज आल्यावर लेकुरवाळी घाबरली. खाली वाकली, पोरं झटक्यात चढली, आणि ती पळाली. मागचं पोर बांधावर घसरलं. या वेळी ती थांबली नाही. ते ओरडत तिच्या मागं धावलं आणि तिघंही ओघळात दिसेनाशी झाली.

मी परात टाकून खाली बसले. ते पोर पोचलं असेल का, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. पोरं दोन्ही होती, माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मी त्याच जिवानं परात उचलली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली. आक्का तिकडून, मी इकडून. मग तिनं फणसापर्यंत यायचं सोडलं, बांधावरूनच नाक वर करून बघायची. एके संध्याकाळी बांधावर तिचं तोंड दिसलं, मी अजून परातीला हातही लावला नव्हता, नुसती पडवीत उभी राहिले, तर माझ्या चाहुलीनंच ती माघारी फिरली. आक्कानं वावरातून हात वर केला. मीही केला. त्या दिवशी आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मिरग बरसला आणि तिचं येणं थांबलं. पिंजरा आला नाही. आक्काची लेक बाळाला घेऊन सासरी गेली, जाताना बाळाला आमच्या पाया पडायला आणलं. मालकांनी बाळाच्या पायात चांदीचे वाळे घातले, स्वतः गाळलेल्या चांदीचे.

दिवाळीच्या सुमाराला गार्ड आमच्याकडं चहाला आला. वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, गस्तीला गेला होता. सांगत होता की उंबराखाली एक मादी आणि दोन पोरं दिसली. पोरं आता चांगली थोराड झालीत, स्वतःच्या पायानं चालतात, एकानं तर एकट्यानं वारूळ फोडलं. "फुंकर मारली का त्यानं?" मालकांनी विचारलं. गार्ड हसला. म्हणाला, "मारली की. पण काका, आम्ही लय लांब होतो, अगदी त्या टोकाला. वारं फिरलं, आमचा वास लागला, तशी पोरं घेऊन अशी पळाली की विचारू नका. माणूस म्हणजे काळ, असं तिला वाटतंय आता. आता ती जगंल."

गार्ड गेल्यावर मालक पडवीत जाळीपाशी जाऊन बसले. मी आत भाकऱ्या करत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "आपल्याला बघूनबी पळंल का गं ती?"

तव्यावरची भाकरी मी उलटली आणि म्हणाले, "आपल्याला बघून सगळ्यात आधी पळाली पायजे. तेवढ्यासाठीच तर बडवली मी परात."